चौदा महिन्यांच्या मुलीला गाईच्या दुधाऐवजी काय द्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी चौदा महिन्यांची आहे, दिवसातून तीन-चार वेळा अंगावर पिते, बाकी घरातलं मऊ अन्न खाते. तुम्ही दोघं चार वर्षांपासून व्हीगन आहात, म्हणजे दूध-अंड्यांसकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही, आणि तिलाही तसंच वाढवायचं ठरवलं आहे. अंगावरचं दूध सुटत जाईल तेव्हा गाईच्या दुधाच्या जागी घरी केलेलं बदामाचं दूध द्यावं, विकतचं ओटचं द्यावं की सोयाचं, आणि किती, हे तुम्ही विचारलंय. आजी म्हणतात, "दुधाशिवाय पोरीची हाडं भरणार कशी?" आणि मधेच जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय: "आम्ही कुणीच गोळ्या-थेंब घेत नाही, सगळं आहारातूनच मिळावं असं वाटतं."

लहान मुलांच्या आहारावर सल्ला देण्याचं काम मी वीसएक वर्षं करतेय. कोणतं दूध, याचं उत्तर देणारच आहे, पण माझं लक्ष अडकलं ते त्या जाता जाता टाकलेल्या वाक्यावर. कपात सोया असो वा ओट, त्यातली चूक महिन्याभरात सुधारता येते. त्या वाक्यातली चूक मात्र कधी कधी सुधारता येत नाही. म्हणून आधी ते घेते.

एक आधीच सांगते. मी मुलीला पाहिलेलं नाही, तिच्या वजनाचा आलेख पाहिलेला नाही, ती वेळेवर जन्मली की आधी, तिला कसली ॲलर्जी आहे का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीने उत्तर थोडं थोडं बदलतं. आणखी एक कबुली: मी स्वतः व्हीगन नाही, सकाळचा चहा दुधाचाच पिते. तुम्हाला तुमच्या निर्णयावरून हलवायचा माझा हेतू नाही.

बी-१२ हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते बनवतात जिवाणू. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून दूध, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळतं. वनस्पतींमध्ये भरवसा ठेवावा असं काही नाही. स्पिरुलिना या शेवाळाचं नाव पालक हमखास घेतात, पण तिच्यात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं आणि शरीराच्या उपयोगी न पडणारं रूप असतं. मोठ्या माणसाच्या यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे चार वर्षं काही न घेता तुम्हाला ठणठणीत वाटत असेल तर नवल नाही, आणि त्यावरून काही सिद्धही होत नाही. बाळाकडे असा जुना साठा नसतो. पोटात असताना आईकडून जे आलं ते आणि नंतर अंगावरच्या दुधातून उतरतं ते, एवढीच त्याची शिदोरी. आईचाच साठा उताराला लागला असेल तर दुधात तरी कुठून येणार? दूध भरपूर येतंय, मूल अंगानं बरं दिसतंय आणि आतून बी-१२ संपत चाललंय, असं खरंच होतं.

एक मुलगा मला अजून आठवतो. नऊ महिन्यांचा. आई व्हीगन, सप्लिमेंट नाही, बाळ जवळजवळ पूर्ण अंगावर, कारण वरच्या अन्नाला तो तोंडच उघडत नसे. आईबाबा कौतुकानं सांगत होते की फार शांत बाळ आहे, कधी त्रास देत नाही. मी त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवला. त्यानं सावकाश नजर वळवली, पण हात पुढे आला नाही. सहाव्या महिन्यात तो टेकून बसायचा, हसून ओळख द्यायचा. दोन्ही गेलं होतं, आणि नेमकं कधी गेलं हे आईला आठवेना. हाताला बारीक कंप होता. त्याच दिवशी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, आणि आठवड्याच्या आत तो हसला. पण चालायला, बोलायला त्याला बराच उशीर लागला, आणि बोलण्यातला मागेपणा शाळेत जायच्या वयापर्यंत पुरता गेला नव्हता.

तुमच्या मुलीचं असं झालंय असं मी म्हणत नाही. ती वरचं अन्न खातेय, चौदा महिन्यांची आहे, काही वेगळं दिसतंय असं तुम्ही लिहिलेलं नाही. तरीही या आठवड्यात दोघींचं रक्त तपासून घ्या, तुमचं आणि तिचं. नुसतं हिमोग्लोबिन किंवा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाहून निर्धास्त होऊ नका. पालेभाज्या आणि कडधान्यं खाणाऱ्या घरात फोलेट हे ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि फोलेट भरपूर असलं की बी-१२ कमी असूनही रक्त बरं दिसू शकतं. नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. बी-१२च्या जोडीला होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की ही दोन्ही वाढतात) करता आलं तर चित्र स्पष्ट होतं. रक्त देऊन झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून बी-१२चे थेंब सुरू करा, रिपोर्टसाठी थांबायचं कारण नाही. आणि तुम्ही स्वतःही घ्या, अंगावर पाजताय तोवर तर नक्कीच.

या वयाला लागतं किती? अमेरिकेच्या शिफारशीत १ ते ३ वर्षांसाठी रोज ०.९ मायक्रोग्रॅम आहे, युरोपच्या १.५. थेंबांच्या बाटलीवर याच्या कितीतरी पट आकडा दिसेल, त्याने दचकू नका. आतडं नेहमीच्या वाटेनं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलू शकतं. त्यावरच्यातला शेकडा एखादाच भाग आत जातो. म्हणून मात्रा मोठी दिसते. नेमकी किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

"पण मग हा आहार नैसर्गिक कसा?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. गाईच्या पोटातलं बी-१२ तिथल्याच जिवाणूंनी केलेलं असतं आणि बाटलीतलं बी-१२ टाकीत वाढवलेल्या जिवाणूंनी केलेलं असतं. मधली गाय वगळली, एवढाच फरक. व्हीगन माणसाला याचा उलट आनंद व्हायला हवा!

आता दूध.

पहिली गोष्ट, तुम्हाला घाई नाही. जागतिक आरोग्य संघटना अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायला सांगते. दिवसातून तीन-चार वेळा पिणाऱ्या मुलीला त्यातून बरंच मिळतंय. तुम्ही दोघी राजी असाल तर हे चालू राहू द्या. दुसरं दूध सध्या दिवसाला एखादा छोटा कप, सवय लागावी एवढ्यापुरतं. (मुलगी वर्षाच्या आतली असती तर उत्तर वेगळं असतं. बारा महिन्यांच्या आत अंगावरचं दूध किंवा बाळांसाठीचं फॉर्म्युला एवढंच मुख्य दूध, गरज असेल तर सोयाचं फॉर्म्युला. सोया फॉर्म्युला आणि खोक्यातलं सोया दूध या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि घोटाळा इथेच होतो.)

गाईच्या १०० मिली दुधात साधारण ३.३ ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅम स्निग्धांश, ६५ किलोकॅलरी आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शिवाय बी-१२, बी-२, आणि बऱ्याच ठिकाणी आयोडीनही. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या आहारात दूध ही एवढी कामं एकदम करतं, म्हणून ते काढलं की एका वेळी पाच-सहा जागा रिकाम्या होतात. वनस्पतींपासून केलेल्या पेयाला आपण दूध म्हणतो ते रंगावरून. त्यातलं कुठलं यांतली किती कामं करतं, एवढंच पाहायचं.

तुमच्या घरच्या बदामाच्या दुधाचा हिशेब मांडू या. मूठभर बदाम म्हणजे साधारण ३० ग्रॅम. ते भिजवले, सोलले, मिक्सरमध्ये लिटरभर पाण्यात फिरवले, फडक्यातून पिळून घेतले. ३० ग्रॅम बदामांत सहा ग्रॅम प्रथिनं आणि ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. फडक्यात चोथ्याबरोबर काहीच राहिलं नाही असं समजलं तरी १०० मिलीला वाट्याला येतात ०.६ ग्रॅम प्रथिनं आणि ८ मिलिग्रॅम कॅल्शियम. १२० कुठे आणि ८ कुठे! बी-१२, आयोडीन, डी जीवनसत्त्व शून्य. चवीला ते छान लागतं हे मान्य. तुम्ही प्या, लापशीत घाला. मुलीचं मुख्य दूध म्हणून ते चालणार नाही. खरं तर त्यापेक्षा तेच बदाम बारीक वाटून लोण्यासारखी पेस्ट करून भरवलेत तर जास्त मिळेल, आणि फडकं धुवायचं वाचेल.

विकतच्या बदामाच्या दुधात कॅल्शियम वरून घातलेलं असू शकतं, पण प्रथिनं तेवढीच, जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि बिनसाखरेच्यात कॅलरी पंधराच्या आसपास. म्हणजे पोट भरतं आणि वजन भरत नाही. फार मोठ्या प्रमाणात दिलं तर आणखी एक भानगड आहे: बदामात ऑक्झलेट हे कॅल्शियमला बांधून ठेवणारं द्रव्य जास्त असतं, आणि बदामाचं दूध भरपूर पिणाऱ्या मुलांच्या लघवीत ऑक्झलेट वाढून मूत्रमार्गाचे त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आहेत. याहून वाईट नोंद स्पेनमधली, २०१६ सालची. अडीच महिन्यांपासून केवळ बदामाच्या पेयावर आणि पिठावर वाढवलेल्या बाळाला अकराव्या महिन्यात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला होता. ते टोकाचं उदाहरण, तुमच्याशी त्याची तुलना नाही. पण ते पालकही बाळासाठी चांगलंच करायला गेले होते.

तांदळाचं दूध मी या वयात देतच नाही. प्रथिनं नाहीत म्हणण्याइतकी कमी, आणि तांदूळ मातीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त शोषून घेतो. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाचं पेय देऊ नये असा सरकारी सल्लाच आहे. भात खायला हरकत नाही, प्रश्न रोज कपच्या कप पिण्याचा आहे. २००१ साली अमेरिकेत दोन मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. तांदळाच्या पेयावर वाढलेल्या बावीस महिन्यांच्या मुलाला प्रथिनांअभावी अंगावर सूज येणारा क्वाशिओरकर झाला होता. दुसरं मूल सतरा महिन्यांचं, सोया पेयावर, पण त्या पेयात डी आणि कॅल्शियम घातलेलं नव्हतं. त्याला मुडदूस झाला. ही दुसरी नोंद लक्षात ठेवा, कारण मी आता सोयाच सांगणार आहे.

नारळाच्या पेयात स्निग्धांश थोडा, प्रथिनं नावालाच. ओटचं मधे कुठेतरी बसतं: १०० मिलीला प्रथिनं एक ग्रॅम, कॅलरी चाळीस-पंचेचाळीस. ते करताना स्टार्च फोडलं जातं, त्यामुळे खोक्यावर साखर घातलेली नाही असं लिहिलेलं असूनही ते गोडसर असतं. चवीत बदल म्हणून कधीमधी ठीक.

तर सोया. प्रथिनं १०० मिलीला तीन ग्रॅमच्या आसपास, आणि ती दर्जानं दुधाच्या सर्वांत जवळची. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, हृदयरोग आणि बालदंतवैद्यकाच्या संघटनांनी २०१९ मध्ये मिळून पाच वर्षांखालच्या मुलांच्या पेयांबद्दल जो सल्ला दिला, त्यात वनस्पतीजन्य दुधांपैकी गाईच्या दुधाच्या जागी बसू शकेल असं एकच मानलं आहे: पोषकद्रव्यं घातलेलं, बिनसाखरेचं सोया. वाटाण्याच्या प्रथिनांपासून केलेलं दूध काही ठिकाणी मिळतं, त्याचेही आकडे चांगले असतात. सोयाची ॲलर्जी असेल तर मी तिकडे वळते. सोयातल्या वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनमुळे मुलींची वयात येण्याची वेळ बदलते का, असं बरेच जण विचारतात. आहारात येतं तेवढ्या सोयाने मुलांना अपाय झाल्याचा भक्कम पुरावा नाही. दिवसाला कप-दीड कप दूध आणि थोडा टोफू (सोयाचं पनीर) याची मी काळजी करत नाही.

त्यातल्या स्निग्धांशाकडे मात्र पाहा. सोयात तो दोन ग्रॅमच्या आतबाहेर असतो, म्हणजे गाईच्या दुधाच्या निम्म्याहून थोडा जास्त. दोन वर्षांखालच्या मुलाला ही तूट ताटातून भरून द्यावी लागते. ते पुढे सांगते.

खोका विकत घेताना पुढचं चित्र पाहू नका, मागचा तक्ता पाहा. १०० मिलीला कॅल्शियम १२०च्या आसपास हवं. बी-१२ आणि डी घातलेलं हवं. आयोडीन असेल तर उत्तम, बहुधा नसतं. साखर घातलेली नको, व्हॅनिला-चॉकलेट नको. एक गंमत अशी की 'ऑरगॅनिक' लिहिलेलं घ्यावं असं पालकांना वाटतं, आणि युरोपच्या नियमांनुसार ऑरगॅनिक पेयांत एरवी वरून जीवनसत्त्वं-खनिजं घालताच येत नाहीत. म्हणजे जास्त चांगलं समजून आणलेला खोकाच रिकामा निघू शकतो.

आणि खोका हलवा. एका बाबांनी माझ्याकडे संपत आलेला खोका आणला होता. मुलाला रोज दोन कप देतोय, तक्त्यावर कॅल्शियम आहे, मग काळजी कसली, असं त्यांचं म्हणणं. मी कात्री घेऊन खोका उभा कापला. तळाशी आणि कोपऱ्यांत ओल्या खडूसारखा पांढरा जाड थर बसला होता. तेच ते कॅल्शियम. आठवडाभर मुलगा वरचं पाणी पीत होता आणि थर कचऱ्यात जात होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, ओतायच्या आधी दर वेळी दहा-बारा वेळा खळखळून हलवायचं.

किती द्यायचं? अंगावरचं दूध पूर्ण सुटल्यावर दिवसाला ३०० ते ४०० मिली पुरे, कपातून, जेवणाच्या आसपास. झोपताना बाटली तोंडात नको. अर्ध्या लिटरच्या वर गेलं की भूक मरते आणि ताट तसंच राहतं. हे गाईचं दूध पिणाऱ्या मुलांतही सर्रास दिसतं: दिवसाला लिटरभर दूध पिणारी, गुबगुबीत आणि लोह कमी असलेली मुलं माझ्याकडे व्हीगन मुलांपेक्षा कितीतरी जास्त येतात.

आता आजींच्या हाडांबद्दल. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. या वयाला कॅल्शियम किती हवं याचे आकडे देशागणिक वेगळे आहेत: ब्रिटनमध्ये ३५० मिलिग्रॅम, युरोपच्या शिफारशीत ४५०, अमेरिकेत ७००. वरच्यासारखं ३५० मिली सोया दूध, नीट हलवून, म्हणजे ४२० झाले. बाकीचं कॅल्शियम घालून घट्ट केलेल्या टोफूतून, तिळाच्या पेस्टमधून, ब्रोकोलीसारख्या भाज्यांतून येतं. पालकाच्या भाजीवर विसंबू नका. तिच्यात कॅल्शियम दिसतं खूप, पण ऑक्झलेटने बांधलेलं असल्यामुळे शरीराला मिळतं शेकडा पाचच्या आसपास. दुधातलं तीसच्या आसपास मिळतं, ब्रोकोलीतलं त्याहूनही जास्त. शिवाय हाडांना डी हवंच. वर्षानंतर अमेरिकेच्या शिफारशीत रोज ६०० युनिट आहे. व्हीगन हवं असेल तर डी-२ किंवा दगडफुलापासून काढलेलं डी-३ मिळतं. एरवीचं डी-३ लोकरीच्या मेणापासून काढतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पण खरी मेख ताटात असते. व्हीगन घरातली मोठी माणसं जे खातात ते चौरस, रंगीत, तंतुमय असतं आणि त्यांना ते मानवतं. चौदा महिन्यांच्या मुलीचं पोट लहान. फळं, उकडलेल्या भाज्या, पातळ सूप, कोंड्यासकटचं धान्य यांनी ते पटकन भरतं, आणि कॅलरी मात्र आलेल्या नसतात. एका घरात मी तीन दिवस ताट मोजायला सांगितलं होतं. आईनं फोटो पाठवले: काकडीचे काप, सफरचंद, गाजर-भोपळ्याचं सूप, थोडा भात. दिसायला सुंदर. मुलगी सगळं संपवत होती आणि चार महिन्यांत वजन दोनशे ग्रॅमही वाढलं नव्हतं. आम्ही काही काढलं नाही, फक्त दर जेवणात चमचाभर तेल घातलं, सूप घट्ट करून त्यात मसूर वाटले, सफरचंदाला पीनट बटर लावलं आणि कोंड्याचं धान्य निम्मं करून साधं घेतलं. दोन महिन्यांत आलेख वळला. म्हणून तुम्हालाही हेच सांगते: दर जेवणात काहीतरी स्निग्ध, दर जेवणात काहीतरी प्रथिनांचं. सालं काढलेल्या डाळी, मऊ शिजवून कुस्करलेले छोले-राजमा, टोफू, दाण्यांची आणि बियांची पेस्ट. अख्खे दाणे-बदाम पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतात; पीनट बटरही पातळ पसरून द्या, गोळा नको.

लोहाचं या वयाला ७ मिलिग्रॅम धरतात, आणि वनस्पतींतलं लोह कमी शोषलं जातं म्हणून व्हीगन मुलांसाठी ते जवळजवळ पावणेदोन पट मोजावं असं अमेरिकेची शिफारस म्हणते. यावर सोपे उपाय दोन. डाळी-कडधान्यांच्या घासाबरोबर क जीवनसत्त्वाचं काहीतरी, म्हणजे लिंबू पिळलं, टोमॅटो, संत्र्याची फोड. आणि भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. त्याने धान्य-डाळींतलं, खनिजं अडकवून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि लोह-जस्त दोन्ही मोकळं होतं. रक्त तपासताय तर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही त्यातच करून घ्या, मुलीला दोनदा सुई नको.

आयोडीनचं कुणाच्या लक्षात येत नाही. घरात आयोडीनयुक्त मीठ आहे ना, ते पाहा. 'नैसर्गिक' म्हणून सैंधव किंवा समुद्री मीठ वापरत असाल तर त्यात ते भरवशानं नसतं. मुलीला मीठ फार घालायचं नसतंच, त्यामुळे तिच्या थेंबांत आयोडीन आहे का ते विचारा. समुद्री शेवाळ हा त्यावर उपाय नव्हे, त्यात कधी कधी अफाट जास्त असतं. ओमेगा-३साठी जवसाची पूड किंवा अक्रोडाची पेस्ट रोज चमचाभर. परवडत असेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए, म्हणजे ओमेगा-३चंच एक रूप.

"डॉक्टर एकेक वेगळं सांगतात" असंही तुम्ही लिहिलंय. सांगणारच, कारण संस्थाही वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार बाळपणापासून सगळ्या वयांना योग्य म्हटला होता. २०२५च्या नव्या भूमिकेत त्यांनी स्वतःला फक्त प्रौढांपुरतं मर्यादित ठेवलं. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ मध्ये मुलांना शिफारस नाही म्हटलं आणि २०२४ मध्ये हो-ही नाही, नाही-ही नाही अशा जागी येऊन थांबली. युरोपातल्या बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये देखरेखीखाली आणि सप्लिमेंटसह चालेल, पण सल्ला न पाळल्याचे परिणाम गंभीर, अगदी जिवावरचे असू शकतात, असं स्पष्ट लिहिलं. अभ्यासही दोन्हीकडे बोट दाखवतात. जर्मनीत १ ते ३ वर्षांच्या ४३० मुलांच्या अभ्यासात व्हीगन, शाकाहारी आणि मांसाहारी मुलांची सरासरी वाढ सारखी निघाली, मात्र व्हीगन मुलांतली थोडी उंचीत मागे होती. पोलंडमधल्या ५ ते १० वर्षांच्या व्हीगन मुलांचं कोलेस्टेरॉल चांगलं होतं, पण ती सरासरी तीनएक सेंटिमीटर बुटकी होती आणि हाडांतली खनिजं कमी. कॅनडात तीन वर्षांच्या ज्या मुलांना गाईचं सोडून दुसरं दूध रोज तीन कप मिळत होतं, ती तीन कप गाईचं दूध पिणाऱ्यांपेक्षा दीड सेंटिमीटरने कमी भरली. मी यातून एवढंच घेते की हा आहार निभावतो, पण त्यात ढिलाईला जागा कमी आहे. तुमच्या घरात वेळ, लक्ष आणि डॉक्टर तिन्ही असतील तर मला अडचण दिसत नाही. मूल खाण्यात फार चोखंदळ असेल, अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा आधीच वजनात मागे असेल तर मी पालकांना स्पष्ट विचारते, की तीन वर्षांपर्यंत थोडं दही किंवा अंडं चालेल का? काही हो म्हणतात, काही नाही. नाही म्हटलं तर मी दर महिन्याला बोलावते.

कधी कधी घरात व्हीगन कुणीच नसतं, दूध 'पचत नाही' म्हणून बंद केलेलं असतं. असे पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. वर्ष-दोन वर्षांच्या वयात दुधातली साखर जन्मतःच न पचणं दुर्मिळ. जुलाबानंतर काही आठवडे तसं होतं आणि जातं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी, तिच्यात बकरीचं दूधही चालत नाही, आणि अशा काही मुलांना सोयाचाही त्रास होतो. हे घरी ठरवू नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा लावा. या आठवड्यात दोघींचं रक्त, आणि त्याच दिवसापासून डॉक्टरांनी सांगितलेले थेंब. अंगावरचं दूध चालू. बदामाचं दूध मुलीच्या कपातून बाद, त्या जागी पोषकद्रव्यं घातलेलं बिनसाखरेचं सोया, हलवून. ताटात तेल आणि डाळी वाढवा. दर दोन महिन्यांनी वजन-उंची. मधल्या काळात ती शिकलेली एखादी गोष्ट विसरली, खेळणं हातात धरेनाशी झाली किंवा उगाच फार 'शांत' झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. थेंबांची जबाबदारी आजींकडे द्या, असं मी बऱ्याच घरांत सुचवते. त्या विसरत नाहीत, आणि हाडांची काळजी त्यांना सगळ्यांत जास्त आहे.

पुढे लिहाल तेव्हा वजनाचे तीन आकडे द्या: जन्माचं, सहा महिन्यांचं आणि आत्ताचं. जोडीला ती एका दिवसात काय काय खाते ते जसंच्या तसं लिहा, थाळीत राहिलेलंही. मग सोया नेमकं किती, हे मला अंदाजाने सांगावं लागणार नाही.